वीस बाय चोवीसची भागम्मा

१

मेलेल्या माणसाचे डोळे उघडायचं काम बन्सीधर नेहमी सकाळी करायचा. चहा झाला की लगेच, दुसऱ्या कशाला हात लावायच्या आत. दुपारपर्यंत हात थकतो, आणि डोळ्याच्या कामाला थकलेला हात चालत नाही. शून्य नंबरचा ब्रश, काळ्या शाईची बाटली, बशीत पांढऱ्या रंगाचा एक थेंब आणि दारातून येणारा उजेड. एवढ्या भांडवलावर त्यानं गंगाखेडात वीस वर्षांत किती म्हाताऱ्यांना जागं केलं असेल, देव जाणे.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं बरं का. तेव्हा माणसाचा जिवंतपणी फोटो निघालेलाच असायचा असं नाही. लिंगायतांत तर माणूस गेलं की त्याला आंघोळ घालतात, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढतात, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, आणि घरचे दोन्ही बाजूंना बसून शेवटचा फोटो काढून घेतात. माती द्यायची तीही बसलेलीच. पुढं तोच फोटो मोठा करून बैठकीत लावायचा म्हटल्यावर डोळे मिटलेले कसे चालतील? "बन्सीभाऊ, तेवढे डोळे उघडून द्या," असं लोक सांगायचे, शिंप्याला सदऱ्याचं बटण लावायला सांगावं इतक्या सहज.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात वीरुपाक्षअप्पा स्टुडिओत आला तो हेच सांगायला. मोंढ्यातला किराणा दुकानदार, बोलायला मोकळा, अंगानं भरलेला. नवं घर बांधून झालं होतं आणि वास्तुशांतीच्या आत आईचा, भागम्माचा, फोटो त्याला भिंतीवर पाहिजे होता. आई जाऊन सात वर्षं झाली होती. फोटो बन्सीधरनंच काढलेला होता.

"वीस बाय चोवीस करा," अप्पा म्हणाला. "आल्यागेल्याला उंबऱ्यातूनच दिसला पायजे."

"लय मोठा होतो, अप्पा. दहा बाय बारा घ्या की. शोभून दिसंल."

"का बरं? फाटंल का?"

हा शब्द बन्सीधरचाच. गिऱ्हाइकाला समजवायला त्यानं एक सोपी रीत काढली होती. फिल्म म्हणजे पिठाचा उंडा आणि फोटो म्हणजे भाकर, असं तो सांगायचा. एवढ्याशा उंड्याची परातीएवढी भाकर थापाल तर फाटणारच. लहान फिल्मवरचा फोटो लहान आहे तोवर झकास दिसतो, पण ताणला की त्याचे दाणे सुटतात, कडा विरतात, नाकडोळे रवाळ होतात. मोठी भाकर पाहिजे तर उंडा मोठा घ्या.

"तुमीच सांगता की, उंडा मोठा असला म्हंजे फाटत न्हाई," अप्पा हसला. "आमच्या आईचा मोठ्या फिल्मवर हाय. मंग कशाला खामखा फिकीर?"

"हो," बन्सीधर म्हणाला. "मोठ्याच फिल्मवर हाय."

ते खोटं होतं. सात वर्षांपूर्वी त्यानं हेच खोटं याच माणसाला त्याच्या आईच्या प्रेतासमोर सांगितलं होतं, आणि आता ते परत सांगताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचीच त्याला अप्पा गेल्यावर लाज वाटली.

२

अठ्ठ्याहत्तर सालचा आखाड संपत आला होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटलेला. गावात कडकडीत बंद, एसटी जागच्या जागी, दवाखान्यांनाही कुलपं. नदीपलीकडच्या कुठल्या तरी वस्तीतून दोन दिवस धूर निघत होता, आणि त्या धुराकडं न बघता रस्त्यानं चालायचं गावाला जमायला लागलं होतं. बन्सीधरलाही जमलं होतं. फोटो काढून पोट भरणारा माणूस तो, पण त्या दोन दिवसांत त्यानं मान काही तिकडं वळवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की भागम्मा गेली. रात्रीपासून निपचित पडली होती. डॉक्टर यायला तयार नव्हता, शेजारच्या म्हाताऱ्यानं नाकाशी कापूस धरून बघितला आणि मान हलवली. दुपारनंतर रस्त्यावर काय होईल याचा नेम नाही, म्हणून माती लवकर द्यायची होती.

बन्सीधरकडं दोन कॅमेरे होते. एक जुना, दोन भिंगांचा, वरून काचेत खाली बघायचा. त्याची फिल्म चौकोनी बिस्किटाएवढी, आणि त्याला लाकडी स्टँड लागायचा. "शेवटच्या फोटोला मी हाच वापरतो, त्यात हयगय न्हाई," असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा. दुसरा नवा, परभणीहून हातबदलीनं घेतलेला रशियन, डोळ्याला लावायचा. त्याची फिल्म पोस्टाच्या तिकिटाएवढी. पण तो सदऱ्याच्या आत मावत होता.

आणि त्या दिवशी मोठा स्टँड खांद्यावर टाकून भर रस्त्यानं जायची बन्सीधरची छाती झाली नाही. कोणी अडवून म्हणालं असतं, काय रे, कशाचे फोटो काढतोस? त्यानं लहान कॅमेरा सदऱ्यात कोंबला आणि बोळाबोळानं गेला.

"मोठा न्हाई आणला का?" वीरुपाक्षनं विचारलं होतं.

"फिल्म तीच हाय, अप्पा."

भागम्माला ओसरीत बसवलं होतं. बाहेर आभाळ भरून आलेलं, वीज गेलेली, दाराशी मिठाचं पोतं तोंड सोडून ठेवलेलं. खड्ड्यात बसवल्यावर अंगाभोवती मीठ आणि विभूती भरतात, त्यासाठी. म्हातारीच्या एका बाजूला वीरुपाक्ष आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला झरीला दिलेली लेक, चन्नबसम्मा. तिनं आईचा हात हातात धरला होता. म्हातारीची मान लेकीच्या खांद्याकडं कललेली होती.

उजेड इतका कमी होता की बटण दोन अंक मोजेपर्यंत दाबून ठेवायला लागणार होतं. त्यानं ज्वारीच्या दोन पोत्यांवर कॅमेरा टेकवला आणि सवयीनं म्हणाला, "चला, इकडं बघा सगळे. कोणी हलू नका. एक... दोन."

आता त्या लहान कॅमेऱ्याची एक खोड होती. बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जायचा आणि बघायच्या काचेत अंधार व्हायचा. जेवढा वेळ फिल्म बघायची, तेवढा वेळ बघणारा आंधळा. मोठ्या कॅमेऱ्यात तसं नव्हतं. त्याचं वरचं भिंग शेवटपर्यंत उघडं असायचं.

दोन अंक झाले, काचेत उजेड परत आला, तेव्हा भागम्माची मान सरळ होती.

लेकीनं सरळ केली असेल. तेवढंच त्याच्या मनात आलं. बरं झालं, फोटो नीट येईल. त्यानं तसाच दुसरा फोटो काढला आणि म्हणाला, "झालं."

चन्नबसम्मा त्याच्याकडं बघत होती. तोंड जरासं उघडं, काही विचारायचं असल्यागत. पण त्याला घर गाठायचं होतं. त्यानं कॅमेरा सदऱ्यात घातला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

३

वीस बाय चोवीस म्हणजे खेळ नव्हे. फोटो मोठा करायच्या एन्लार्जरचं डोकं भिंतीकडं फिरवायचं, कागद भिंतीला टाचायचा, धुवायला पत्र्याचे मोठाले ट्रे मांडायचे. भर दुपारी दाराला काळं कांबळं लावून, उघड्या अंगानं, लाल बल्बात बन्सीधर हे करत होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि रसवंतीची घुंगरं वाजत होती.

त्यानं हिशोब बांधला. मोठी फिल्म असती तर नऊ-दहा पट ताणायची होती. ही सतरा पट. दाणे सुटणारच. पण चेहऱ्यावर ब्रश फिरवून निभावून नेता येईल. अप्पाला काय कळतंय? उंबऱ्यातून तर बघायचं.

कागद डेव्हलपरमध्ये बुडवला. आधी अप्पाचं पागोटं उमटलं, मग भिंत, मग एकेक चेहरा, असं वर यायला लागलं. इतक्या वर्षांनीही हे बघताना त्याला बरं वाटायचं. मग त्यानं ओणवं होऊन दाणा बघितला. दाणा टोकदार होता. म्हणजे एन्लार्जर हललेला नाही, भिंगाची नजर बरोबर लागली आहे. ओसरीच्या भिंतीला कोणी खडूनं ओढलेल्या रेघासुद्धा दिसत होत्या.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. दोन अंकांचा फोटो असला की जिवंत माणसं जराशी हलतातच. श्वास घेतात, पापणी लवते, कोणी हुंदका दाबतो. त्यांच्या कडा विरतात. अशा फोटोत मेलेलं माणूस तेवढं स्वच्छ येतं, गालावरचा तीळ मोजून घ्या. वीस वर्षांत बन्सीधरनं याला एकही अपवाद बघितला नव्हता.

या फोटोत वीरुपाक्ष बरा होता. त्याची बायको किंचित विरलेली. चन्नबसम्मा तर दगडागत स्थिर, नथीचा खडासुद्धा दिसावा इतकी.

भागम्मा हललेली होती.

४

तो वेडाबिडा नव्हता. त्यानं कागद हायपोच्या पाण्यातून काढला, धुतला, बाहेरच्या खोलीत फळीवर चिकटवला आणि हिशेबी माणसासारखा विचार करायला बसला.

कॅमेरा हलला असेल का? मग भिंतही हलली असती. कोणाचा धक्का लागला असेल का? मग म्हातारीच्या गळ्यातला हार हलला असता. पण हाराचं फूल न् फूल वेगळं दिसत होतं. लुगड्याच्या निऱ्या जागेवर. डाव्या तळहातावर ठेवलेलं इष्टलिंग जागेवर. विरला होता तो चेहरा, आणि लेकीच्या हातातला उजवा हात.

कपाळावरचे पट्टे त्यानं मोजले. सात वर्षांपूर्वी करून दिलेल्या लहान फोटोत ते तीन होते, जरा जाड. आता सहा होते. तीन गडद, आणि त्यांच्या बाजूला, वरच्या अंगाला सरकलेले, तीन फिके.

मान लटकली असेल. हो, हे पटण्यासारखं होतं. प्रेताची मान सुटते, त्याला काय अर्थ नाही. त्याला हायसं वाटलं. चांगली पाच मिनिटं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की लटकणारी मान खाली जाते. ही वर गेली होती.

मग लेकीनंच उचलली, त्यानं स्वतःला बजावलं. पण लेकीचे दोन्ही हात फोटोत होते, आईच्या हातावर. नथीचा खडा हलला नव्हता, तर हात कुठून हलणार?

तेवढ्यात आतून त्याची बायको सत्यशीला पदराला हात पुसत आली. तिला अप्पाच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. ती फळीसमोर उभी राहिली आणि कौतुकानं म्हणाली, "अगं बाई, केवढा मोठा! पण ही म्हातारी लयच हालली बघा. बाकीचे कसे नीट बसलेत. आन् ऐन वक्ताला डोळे बी मिटले बिचारीनं."

"ती मेलेली व्हती," बन्सीधर म्हणाला.

सत्यशीला हसली. मग त्याच्या तोंडाकडं बघून तिचं हसू गेलं. तिनं परत एकदा फोटोकडं बघितलं आणि आत निघून गेली. त्या दिवशी जेवायला बोलवायला ती बाहेर आली नाही, आतूनच हाक मारली.

"त्या फोटोवर कापड टाका," जेवताना ती म्हणाली. "मला उगीच कोणी तरी माझ्याकडं बघायलंय असं वाटतंय."

"डोळे मिटलेत की तिचे."

"मिटलेत, पर कापड टाका."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, त्यानं ब्रश घेतला. काम हे काम. हललेला चेहरा ब्रशनं बांधता येतो. तीन पट्टे पुसून तीन ठेवता येतात. डोळे उघडून दिले की कोणी बाकी काही बघत नाही, लोक डोळ्यातच बघतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याची लबाडी झाकायला हीच जागा होती, आणि ती झाकायचीच असं ठरवून तो बसला होता.

उघडा डोळा काढायची रीत अशी. मिटलेल्या पापणीवर आधी पांढरं भरायचं, मग काळं बुबुळ, आणि शेवटी बुबुळात सुईच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका. समोरच्या दाराचा उजेड. त्या ठिपक्यानं जीव येतो. ठिपका नसला तर डोळा मेलेलाच राहतो, कितीही सुबक काढा.

त्यानं भिंग धरलं आणि डाव्या पापणीवर ब्रश टेकवणार तोच थांबला.

ठिपका तिथं आधीच होता.

मिटल्यासारख्या दिसणाऱ्या पापणीच्या फटीत, विरलेल्या दाण्यांत, एक पांढरा कण. उजव्या डोळ्यात बघितलं. तिथंही. दोन्ही एकाच बाजूला. ओसरीचं दार ज्या बाजूला होतं, त्या बाजूला.

धूळ असेल. निगेटिव्हवर धूळ बसते, तिचा असाच ठिपका येतो. पण दोन्ही डोळ्यांत, सारख्याच जागी?

त्यानं ब्रश ठेवला. परत काळं कांबळं लावलं, एन्लार्जर भिंतीपासून पार मागच्या कोपऱ्यापर्यंत ओढला आणि त्या पोस्टाच्या तिकिटातला नुसता एक डोळा कागदभर केला. डेव्हलपरमध्ये कागद काळा पडायला लागला आणि तो ट्रेवर ओणवा झाला. काही आलं नाही. डोळा आला नाही, पापणी आली नाही. नुसते काळेपांढरे दाणे, कागदभर सांडलेले, मिठागत.

मिठागत हे मनात आलं आणि त्याला ओसरीच्या दाराशी तोंड सोडून ठेवलेलं पोतं आठवलं. तिच्या अंगाभोवती, गळ्यापर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत भरलं असेल ते. तो ट्रेच्या कडेला धरून खाली बसला.

मोठी फिल्म असती तर कळलं असतं. एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरायला लागलं. बिस्किटाएवढी फिल्म असती तर डोळा डोळ्यासारखा दिसला असता, ठिपका धुळीचा की उजेडाचा ते सांगता आलं असतं. आणि फिल्मचं सोडा. मोठा कॅमेरा असता तर त्या दोन अंकांत तो स्वतः बघत असता. तो 'इकडं बघा' म्हणाला होता. सगळ्यांना म्हणाला होता. कोणाकोणाला ऐकू गेलं होतं, ते त्यानं बघायला पाहिजे होतं. तो अंधारात तोंड घालून अंक मोजत बसला होता.

त्याला इतकी लाज वाटली की खोलीत दुसरं कोणी नसताना त्यानं तोंडावर हात घेतला.

दुसऱ्या फोटोची निगेटिव्ह पाकिटात शेजारीच होती. मान सरळ झाल्यावर काढलेला. ती मोठी करून बघायचं त्याला धाडस झालं नाही. त्यानं पाकीट बंद केलं. मोठ्या फोटोवर सत्यशीलाचं जुनं लुगडं टाकलं, आणि अप्पाला सांगायचं ठरवलं की डोळे काही जमत नाहीत, मिटलेलेच राहू द्या.

६

फोटो न्यायला अप्पा आला नाही. झरीहून त्याची बहीण आली. वास्तुशांतीला माहेरी आली होती, म्हणाली, मीच घेऊन जाते. चन्नबसम्मा आता चाळिशी ओलांडलेली, केसांत पांढरं आलेलं. तीन दिवसांनंतरची सकाळ, दहाची वेळ होती. ती आत येऊन फोटो काढून घ्यायच्या बाकड्यावर बसली. झाकलेल्या फोटोकडं तिनं बघितलं, पण मागितला नाही.

"भाऊ, येक इचारू का?"

"इचारा की, अक्का."

"लहान फोटू हाय माझ्यापाशी. लय बघितला मी. सोनाराकडून भिंग आणून बघितला. काय कळत न्हाई. अप्पा म्हणला मोठा करायलाय, तवा मला वाटलं, आता दिसंल."

"काय दिसंल?"

"हात," ती म्हणाली.

रस्त्यानं एक टांगा गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

"तुमी म्हणलात ना, इकडं बघा. तवा आईनं माझा हात दाबला. जोरात न्हाई. खालून उठायचं असलं की हात मागायची, तसा."

"मंग तवाच बोलल्या कामून न्हाईत, अक्का?"

"कोणाला बोलू? मातीच्या विधीला स्वामी आलेले. खड्डा खणून तयार. बाहेर तसला दिवस. वैनी म्हणली असती, येडी झाली पोरगी. मला बी वाटलं, माझाच हात थरथरला असंल." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मंग मी तुमच्याकडं बघितलं. तुमी डोळा लावून बघायला होतात ना. मनात म्हणलं, काय असतं तर ह्यांना दिसलं असतं. हे बोलले असते. तर तुमी म्हणलात, झालं. म्हणलं, मंग झालं."

बन्सीधरला वाटलं, आत्ता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. सात वर्षं ही बाई त्याच्या एका शब्दावर तगून होती, आणि तो शब्द त्यानं घरी पळायच्या घाईत टाकला होता.

"अक्का," तो म्हणाला, "त्या फोटोत काय बी कळायचं न्हाई. दाणे दिसायलेत नुसते. फिल्म लहान व्हती."

"अप्पा तर म्हणला, मोठी व्हती."

"खोटं सांगितलं मी."

ती त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं.

"मोठी असती तर कळलं असतं?"

"कळलं असतं."

"मंग मोठी कामून न्हाई आणली?"

"भ्यालो व्हतो," बन्सीधर म्हणाला.

चन्नबसम्मानं मान हलवली. "मी बी," ती म्हणाली.

आत सत्यशीलाच्या हातातलं भांडं थांबलं होतं. मग चन्नबसम्मानं हळूच विचारलं, "खरं सांगा, भाऊ. तुमाला काय दिसलं व्हतं का?"

आता सांगायला पाहिजे होतं. मान सरळ झालेली बघितली, आणि बरं झालं म्हणून दुसरा फोटो काढला, एवढंच तर वाक्य होतं. ते त्याच्या गळ्यापर्यंत आलं. पण हिला सांगून आता काय होणार, हिचा उरलासुरला जीव जाईल, असं त्याच्या मनानं म्हटलं. आणि मन हे तिच्यासाठी म्हणतंय की स्वतःसाठी, हे कळायला त्याला एक क्षणही लागला नाही.

"न्हाई, अक्का," तो म्हणाला. "बटण दाबलं की काचेत आंधार होतो."

ते खरंच होतं. म्हणूनच ते सांगून त्याला जास्त लाज वाटली.

७

"बघू तरी," म्हणत ती उठली.

तो सुतळी घ्यायला टेबलाकडं वळला. मुद्दामच वळला. पाठीमागं लुगडं सरकल्याचा आवाज झाला. ती हात बघत असणार. दाणेच दाणे, काय दिसणार? तो सुतळीचा गुंता सोडवत राहिला, जो गुंता नव्हताच.

"खरं हाय तुमचं," ती थोड्या वेळानं म्हणाली. "हाताचं काय कळत न्हाई. सारा रवा रवा झालाय."

"सांगितलं ना अक्का."

"पर डोळे मातर लय ब्येस काढले, भाऊ." तिचा आवाज एकदम लेकीचा झाला, ओला. "आईऽ... अश्शीच बघायची. काय मागायचं असलं की अशीच बघायची. हुबेहूब उघडले बघा तुमी."

बन्सीधरच्या हातातली सुतळी तशीच राहिली. समोर टेबलावर त्याचा शून्य नंबरचा ब्रश पडला होता, कोरडा. शाईच्या बाटलीचं बूच घट्ट होतं. बशीतला पांढरा थेंब तीन दिवसांपूर्वीचाच, वाळून तडकलेला.

आतल्या दारात सत्यशीला येऊन उभी राहिली होती. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडं, फोटोकडं, बघत होती आणि तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मागं वळायला एक पाऊल पुरेसं होतं. त्याला हेही कळत होतं की हा दुसरा वखत आहे, आणि तिसरा कोणी देत नाही. या वेळी अंधार नव्हता. दारातून दहाचा उजेड आत आला होता, थेट फोटोवर पडला असणार.

"द्या, गुंडाळून देतो," तो म्हणाला.

चन्नबसम्मानं फोटो त्याच्याकडं दिला. त्यानं तो चाचपडत घेतला, पालथा केला आणि वर जुनं वर्तमानपत्र टाकलं. कडा दुमडल्या, सुतळी दोनदा फिरवली, गाठ मारली. हे सगळं करताना त्याची नजर उंबऱ्याबाहेरच्या रस्त्यावर होती.

"सांभाळून न्या, अक्का," तो म्हणाला. "झालं."